आभाराच्या पाकिटावरची रक्कम मोठ्यानं वाचायची का?

छावणीकर, इंदूर
सर्वांना सलाम. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, लवकरच उपकारस्तुतीचा, देवाचे आभार मानण्याचा सण आहे. दरवर्षी त्या दिवशी आभाराची पाकिटं उघडून नाव, कारण आणि रक्कम माइकवरून वाचतात. मुलाला नोकरी लागली, पाच हजार. ऑपरेशन पार पडलं, दोन हजार. हे बंद करा, असं मी कमिटीत मांडणार आहे.

बायबलमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात, मत्तय ६ मध्ये, प्रभू येशू दान, प्रार्थना आणि उपास या तिन्हींबद्दल एकच सांगतो: लोकांनी बघावं म्हणून करू नका. जे तसं करतात त्यांना त्यांचं प्रतिफळ मिळून चुकलं, हे तो तीनदा म्हणतो. नाव वाचलं, माना वळल्या, की मिळायचं ते मिळालं. आणि पन्नास रुपये घालणारा पाकिटावर नावच लिहीत नाही. देवापुढे येताना त्याला वाटणारी ही लाज देवानं दिलेली नाही, आपण दिलेली आहे.

नंदानगरची सून
काका, आदर राखून विरोध करते. मत्तय ६ च्या आधी मत्तय ५ आहे. तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या, म्हणजे ते तुमची चांगली कामं पाहून स्वर्गातल्या पित्याचा गौरव करतील. सासूबाई आजारी होत्या तेव्हा मंडळीतली माणसं रात्र रात्र दवाखान्यात बसली, गुडघे टेकून प्रार्थना केली. त्यांना उत्तर कळायला नको? प्रभूनं बरं केलेल्या दहा कुष्ठरोग्यांतला एकच परतला, तोही मोठ्यानं देवाचं गौरव करत. प्रभूनं त्याला हळू बोल म्हटलं नाही, बाकीचे नऊ कुठे आहेत असं विचारलं.

छावणीकर
ताई, साक्ष जरूर द्या. पण परतलेल्या त्या कुष्ठरोग्याच्या, त्या शोमरोनी माणसाच्या साक्षीत रक्कम नव्हती.

महूकर
बायबलमधल्या गरीब विधवेची रक्कम तर सगळ्या जगाला माहीत आहे, काका. प्रभू दानपेटीसमोर बसून कोण काय टाकतं ते पाहत होता, आणि तिच्या दोन टोल्यांबद्दल, म्हणजे अगदी क्षुल्लक नाण्यांबद्दल, त्यानं शिष्यांना बोलावून सांगितलं. पाहणं आणि सांगणं हेच वाईट असतं तर त्यानं ते केलं नसतं.

सुखलियाकर
महूकर, तो शिष्यांशी बोलला. तिला काही म्हटल्याचं मार्कच्या शुभवर्तमानात नाही. कौतुक व्हावं म्हणून तिनं टाकलंच नव्हतं.

या वादाचं खरं प्रकरण मला बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात दिसतं. चौथ्या अध्यायाच्या शेवटी बर्णबा शेत विकतो आणि पैसे प्रेषितांच्या पायांशी ठेवतो. त्याचं नाव उघड लिहिलं आहे आणि त्यात काही गैर नाही. लगेच पाचव्यात हनन्या आणि सप्पिरा येतात. तेही जमीन विकतात, थोडे पैसे मागे ठेवतात आणि सगळे दिल्यासारखं दाखवतात. प्रेषित पेत्र हनन्याला काय म्हणतो पाहा: विकण्याआधी जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसेही तुझ्याच हातात होते. म्हणजे कमी देणं हा गुन्हा नव्हता, खोटं बोलणं हा होता. बर्णबाला जे सहज जमलं ते हनन्याला दिसण्यासाठी हवं होतं. उघड देण्याची जिथे रीत पडते तिथे हनन्या तयार होण्याची भीती असते. म्हणून मी काकांच्या बाजूनं आहे.

पलासियाची कॅथलिक
तुम्ही सगळे हेतू शुद्ध करून मग देवाकडे जायचं म्हणताय असं मला ऐकू येतंय, आणि ते मला जड जातं. प्रभूच्या दाखल्यातला, घर सोडून गेलेला उधळा पुत्र का परतला? बापाच्या मोलकऱ्यांना पोटभर भाकरी मिळते हे आठवलं म्हणून. भुकेपोटी. घोकून आणलेलं वाक्यही बापानं पुरं होऊ दिलं नाही, आधी गळ्यात पडला. आमच्या चर्चनं १५५१ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत हेच मांडलं, की नरकाच्या भीतीनं झालेला पश्चात्ताप अपुरा असला तरी तोही देवाचीच देणगी आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा. तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त पुढे काही वर्षांनी सापडला, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. हेतू वाटेत धुतला जातो. दोन हजार देणाऱ्या बाईच्या मनात थोडा दिखावा असेलही, पण ती आली आहे ना?

छावणीकर
बाई, येणाऱ्याला मी अडवतच नाही. भुकेनं यावं, भीतीनं यावं. पण भाकरी खाऊन तृप्त झालेली गर्दी पुन्हा शोधत आली, तेव्हा प्रभूनं तिला तोंडावर सांगितलं की तुम्ही भाकरीसाठी मला शोधता. जवळ घेतलं आणि खरंही सांगितलं. मंडळीनं निदान तो दिखावा माइकवरून पोसू नये, एवढंच मागतोय. आणि ज्याच्या मुलाला तीन वर्षं नोकरी नाही, तो त्याच बाकावर बसून ही यादी ऐकतो. त्याची प्रार्थना खोटी होती का?

नंदानगरची सून
हा मुद्दा मला लागला, काका. तरी साक्ष बंद करायला माझा विरोध कायम आहे. रकमेचं तुम्ही कमिटी बघा.

महूकर
रक्कम वाचण्यामागे हिशेबाचंही कारण आहे, ते विसरू नका. वर्गणी नेताना प्रेषित पौलानंही माणसांसमोर सगळं चोख राहील अशी काळजी घेतली होती, करिंथकरांना त्यानं लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय पाहा. वाचणं थांबवायचं असेल तर पावती क्रमांक आणि रक्कम नोटीस बोर्डावर लावा, नावं नकोत. खजिनदार बदलला तरी कुणाला शंका राहणार नाही.

छावणीकर
हे मान्य. ठरावात असंच लिहितो.