मदत हवी आहे: नाटकाची डीव्हीडी शेवटच्या अंकात अडकते

झाडीचा_रसिक:
वडसा भागातल्या झाडीपट्टी नाटकांच्या डीव्हीडी-आर कॉम्प्युटरवर उतरवून राहिलो. पहिले ३ जीबी झरझर येतात. मग ड्राइव्हचा आवाज चढतो, एकदम उतरतो, कट-कट होते, परत चढतो, शेवटी एरर. टीव्हीच्या प्लेअरवर तीच डीव्हीडी चौकोनं पडत का होईना, पूर्ण चालते. ड्राइव्ह १६ एक्सचा, नवाच आहे. बदलू का?

चकती_मिस्त्री:
बदलू नका भाऊ, वेग बांधा. डीव्हीडीचा ट्रॅक आतून बाहेर जातो, म्हणून शेवटचा अंक काठाजवळ येतो. १ एक्स म्हणजे डीव्हीडीचा मूळ वेग; १६ एक्सचा ड्राइव्ह फेरे जवळपास सारखेच ठेवतो. आत ६-७ एक्स मिळतात, काठावर १६. बोटांचे ठसे काठावर, चकतीची डुगडुग काठावर आणि डेटाचा वेगही तिथंच सर्वांत जास्त. भिंगाला ट्रॅक धरून ठेवणं जड जातं.

ब्लॉक वाचला नाही की ड्राइव्ह वेग उतरवून तोच पुन्हा वाचतो. सेक्टर म्हणजे डेटाचा छोटा तुकडा; असे १६ सेक्टर, म्हणजे ३२ केबीचा एक ब्लॉक, एकत्र दुरुस्त होतात; दुरुस्ती फसली की सगळा गट परत वाचावा लागतो. कट-कट म्हणजे सीक, जागा शोधणं: स्लेड मोटर (सरकवणारी मोटर) पिकअपला, म्हणजे लेसर-भिंगाच्या डोक्याला, अंदाजानं जागेवर नेते, तिथला सेक्टरचा पत्ता वाचला जातो, उरलेलं अंतर भिंगाची कॉइल भरून काढते. पत्ताच कळला नाही तर परत उडी.

टीव्हीच्या प्लेअरला १ एक्स पुरतो, सेकंदाला १.३८५ एमबी. त्या वेगाला आत मिनिटाला साधारण १४०० फेरे लागतात, काठावर ५७०. न वाचलेलं तो सोडून देतो, म्हणून चौकोनं.

आधी मऊ सुती कापडानं मधून काठाकडे सरळ पुसा. गोल पुसू नका. गोल ओरखडा ट्रॅकच्या दिशेनं जातो आणि सलग सेक्टर खातो. मग लिनक्सवर इजेक्ट कमांडला ‘-एक्स ४’ देऊन वेग ४ एक्सवर आणा. ४ एक्सनं भरलेली चकती १४-१५ मिनिटांत उतरते. ट्रे उघडला की बरेच ड्राइव्ह ही मर्यादा विसरतात, दर चकतीला परत द्या. फाइल कॉपी करू नका, डीडीरेस्क्यू या खराब चकतीतून डेटा काढणाऱ्या प्रोग्रामनं २०४८ बाइटच्या सेक्टरनं पूर्ण इमेज (चकतीची हुबेहूब प्रत) घ्या. मॅप फाइल (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद) ठेवाच. लाइट गेली तरी काम तिथूनच पुढं सुरू होते.

वायर_जोडणी:
ड्राइव्ह यूएसबीचा असेल तर करंटही पाहा जी. यूएसबी २ पोर्ट ५०० मिलिअँपिअरचा. मोटर वेग चढवताना काही ड्राइव्ह त्याहून जास्त ओढतात, मग तिथंही आवाज असाच चढतो-पडतो. दोन तोंडांची केबल असेल तर दोन्ही लावा, हब टाळा, डेस्कटॉप असेल तर मागचा पोर्ट वापरा.