‘हो की नाही’ एवढ्यानं लेकरांचा सहभाग कळतो का?

बालाघाट:
बीड जिल्ह्यातल्या एका गावात मी रोज संध्याकाळी मुलांचं केंद्र चालवते. खो-खो, गोष्टींची पुस्तकं आणि शनिवारी चित्रं. आम्हाला मदत करणाऱ्या संस्थेनं यंदा फॉर्म पाठवलाय. गावातल्या १० ते १६ वयाच्या प्रत्येक मुलामागे एकच प्रश्न आहे: शाळेबाहेरच्या उपक्रमात भाग घेतो का, हो की नाही?

चार वर्षं एक दिवस न चुकवता येणारी, आता लहानांना खांबावरून वळायला शिकवणारी मुलगी ‘हो’. २६ जानेवारीच्या शर्यतीपुरता आलेला मुलगाही ‘हो’. मग हे मोजून आम्हाला काय कळणार?

मला वाटतं, निदान चार गोष्टी वेगवेगळ्या विचाराव्यात. लेकरू किती प्रकारच्या उपक्रमांत आहे, आठवड्याला किती तास येतं, किती महिने टिकलं आणि तिथं काय करतं: नुसतं बसून राहतं की काही अंगावर घेतं. शिवाय महिना लिहिलाच पाहिजे. दसरा-दिवाळीनंतर आई-बाप कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातात. काही लेकरं त्यांच्याबरोबर फडावर, काही आजीपाशी. ऑगस्टमध्ये मोजलं तर केंद्र भरलेलं, डिसेंबरमध्ये मोजलं तर ओस. दोन्ही आकडे खरे, पण एकट्यानं कोणताच पुरा नाही.

गोदाकाठ:
ताई, तळमळ कळते, पण माझा विरोध आहे. मी नांदेडकडे शिक्षक आहे, फॉर्म भरण्यात आमची निम्मी संध्याकाळ जाते. तासांचं काय होतं ते सांगतो. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर अशी अट असते. मी ज्या कॉलेजात शिकलो तिथं वर्षअखेरीस सगळ्यांच्या वह्यांत बरोबर १२० तास भरलेले असायचे. झाडं मात्र दोन सकाळींतच लावली होती. तासावर निधी किंवा गुण अवलंबून ठेवले की तास वहीत वाढतात, मैदानावर नाही.

मांजरा:
सर, हा दोष तासांचा नाही, विचारण्याच्या पद्धतीचा आहे. ‘आठवड्याला किती तास येतोस?’ म्हटलं की लेकरू आपल्याला बरं वाटेल ते सांगतं. त्यापेक्षा काल काय काय केलं ते विचारा. देशाच्या वेळ-वापर सर्वेक्षणात हेच करतात. २०१९ आणि २०२४ मध्ये ते वर्षभर चाललं. सहा वर्षांपुढच्या माणसांना आदल्या दिवशी पहाटे ४ पासून पुढचे २४ तास अर्ध्या-अर्ध्या तासानं विचारले जातात. त्यातून राज्याची सरासरी निघते. पण एका दिवसावरून एका लेकराबद्दल काही ठरवू नका. त्या दिवशी पाऊस असेल, बाजार असेल. तुमच्या गावाला ऑगस्ट, डिसेंबर आणि एप्रिल, दर वेळी एक शाळेचा दिवस आणि एक रविवार, एवढं पुरे.

अजून एक. येणाऱ्या मुलांचे मार्क चांगले दिसले म्हणून ते केंद्रामुळेच, असं लगेच लिहू नका. ज्याच्या घरी पाणी भरायला दुसरं कुणी आहे तेच लेकरू संध्याकाळी मोकळं असतं. मार्कांचं कारण तिथंही असू शकतं.

तेरणा:
धाराशिवकडून लिहितोय, खो-खो शिकवतो. आधी ‘उपक्रम’ म्हणजे काय ते ठरवा. लातूरला शिकायला गेलेलं पोरगं दिवसभर क्लासात असतं. तो शाळेबाहेरचा वेळ आहे, पण मी तो यात धरणार नाही. तो शाळेचाच अभ्यास झाला. उलट गणपतीची लेझीम आणि सप्ताहातला हरिपाठ मी धरणार. ठरलेली वेळ आहे, शिकवणारं माणूस आहे, रोजचा सराव आहे. गावाकडं एवढंच असतं. तेही वगळलं तर कागदावर आमची पोरं रिकामटेकडी दिसतील.

आणि गळती मोजा. आमच्या जिल्ह्याच्या सारिका काळे यांना २०२० मध्ये खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यांच्याकडं बघून लहान मुली येतात. आठवी-नववीला त्यांचं येणं थांबतं. कोणत्या महिन्यात थांबलं आणि घरी काय झालं, हे कोण लिहितं?

गोदाकाठ:
शिकवणारं माणूस असलं तरच उपक्रम, हे मला पटत नाही. ओढ्याकाठी पोरं स्वतः नियम करून विटीदांडू खेळतात, त्यांचा रकाना शून्य?

तेरणा:
शून्य नाही, वेगळा. खेळ म्हणून लिहा. दोन्ही एकत्र केलं तर मैदान आणि शिकवणारा मागायला आम्ही कोणत्या तोंडानं जायचं?

बालाघाट:
गळतीचं माझ्या लक्षातच नव्हतं, दादा. रजिस्टरमध्ये ‘शेवटचा दिवस’ आणि कारण लिहायला जागा करते. लेझीम, हरिपाठ धरते, क्लास वेगळा. फडावर गेलेल्या लेकरापुढे ‘नाही’ लिहिणार नाही, ‘गावात नाही’ लिहीन. संस्थेला त्यांचं हो-नाही देईन आणि सोबत हा कागद जोडीन. तासांबाबत मात्र मी ठाम आहे, सर. आठवड्याला एक तास आणि दहा तास सारखे नाहीत.

गोदाकाठ:
मग एवढं तरी ऐका. तो कागद लेकरांना दिसेल असा भिंतीवर लावू नका. आणि फडावरून मार्चात परत आलेल्याला आल्या-आल्या प्रश्न विचारू नका, आधी डावात घ्या.