‘मिस’ म्हणजे चुकणे? मग गणित मिस झालं का?

फळापुसणी
मंडळी, जरा अडलंय. आमच्या गावात अंगणवाडीच्या खोलीत मी संध्याकाळी सात ते आठ या वेळात बायकांचा इंग्रजी बोलायचा वर्ग घेते, चौदा जणी येतात. काल फळ्यावर ‘मिस’ घेतलं आणि सोपं जावं म्हणून लिहून मोकळी झाले, मिस म्हणजे चुकणे. आय मिस्ड द बस, माझी बस चुकली. सगळ्यांना पटलं. मग म्हटलं आता आपापली वाक्यं करा. पहिलीनं केलं ‘माय डॉटर मिस्ड द सम’, म्हणजे पोरीचं गणित चुकलं. दुसरी ‘आय मिस्ड द रोड’, रस्ता चुकले. तिसरीच्या मिठाचा अंदाज चुकला होता, ती म्हणे ‘आय मिस्ड द सॉल्ट’. आता ह्यांना चूक कुठल्या तोंडानं म्हणू, शिकवलं मीच. तेवढ्यात जिचा मुलगा पुण्याला आहे ती म्हणाली, मॅडम मोबाईलवर ‘मिस यू आई’ येतं ते मग काय, आई चुकली? खोलीत हशा. मी म्हटलं अहो तिथं आठवण येते. तर म्हणे आठवण म्हणजे रिमेंबर, तुम्हीच मागच्या आठवड्यात सांगितलंत.
तर सांगा, ‘मिस’ला एकच मराठी शब्द देता येतो का, की नुसती वाक्यंच पाठ करून घेऊ? गुरुवारी पुढचा वर्ग आहे.

कट्टेकरी
एका शब्दाचा नाद सोडा ताई. बस चुकते, शतक थोडक्यात हुकतं, यादीतून नाव गळतं, मुद्दा नजरेतून सुटतो, सांगायचं राहून जातं आणि माणूस नसलं की उणीव भासते. इंग्रजानं हे सगळं एकाच पिशवीत कोंबलंय. आपल्याकडे पिशव्या जास्त आहेत म्हणून आपण रडायचं का?
त्या ‘राहून जातं’वरून एक सांगतो, हापिसात रोज ऐकतो, ‘आय मिस्ड टू टेल यू’. ते तसं होत नाही, ‘फरगॉट टू टेल यू’ म्हणायचं. मिसच्या मागे क्रियापद आलंच तर ‘इंग’वालं येतं, आय मिस गोइंग देअर. पण त्याचा अर्थ पुन्हा वेगळाच, तिथं जाणं बंद झालंय त्याचं वाईट वाटतंय.

शुद्धमती
मुळात ‘मिस करणे’ हा रोगच मराठीत नको होता. परवा आमच्या चौकात फ्लेक्स लागला, फोटो, हार, आणि खाली ‘मिस यू अप्पा’. अप्पांनी आयुष्यात कधी इंग्रजी बोललेलं कुणी ऐकलं नसेल. ‘तुमची उणीव सदैव भासेल’ लिहायला काय पैसे जास्त पडतात?

कट्टेकरी
फ्लेक्स फुटावर असतो, अक्षरावर नाही. पडत नाहीत जास्त.

राईनकाठी
मी गेली नऊ वर्षं जर्मनीत. इथे शिकताना उलटी पंचाईत झाली होती, कारण जर्मनमध्ये तीन वेगळे शब्द. गाडी चुकली तर फेरपासेन, नेम चुकला तर फेरफेलेन, आणि माणसाची आठवण आली तर फेरमिसेन. मी पहिल्या वर्षी वर्गात सांगितलं की आज मी ट्रामला फेरमिसेन केलं. बाई म्हणाल्या, अरेरे, फार जीव होता का तिच्यावर?
म्हणजे फळापुसणी, तुमच्या बायकांची चूक अगदी रास्त आहे. मला विचाराल तर फळ्याचे तीन भाग करा. नेम, वेळ, माणूस. बहुतेक सगळं त्यात बसतं.

ठेचाभाकर
आमच्या इकडं नागपूरले ‘गमत नाई’ म्हणतात न बाप्पा. पोरगी सासरी गेली का माय म्हणते, ‘घरात गमूनच नाई राह्यलं’. हेच तं आय मिस यू. तुमच्या उणीव-बिणीवपेक्षा हजार पट चांगलं. उणीव तं भाषणात भासते.

मांडवीकाठ
गोंयांत आमी ‘तुजो उगडास येता’ म्हणतात. उगडास म्हणजे आठवण, म्हणजे रिमेंबर आणि मिस दोन्ही एकातच. आणि आजीच्या पिढीला वर पोर्तुगीज ‘सौदाद’, म्हणजे दुरावलेल्याची हुरहूर, होतंच, पण ते उघडलं तर हा धागा महिनाभर बंद होणार नाही.

जुनीवही
सगळे लांबून फिरताय, शब्द घरातच आहे. ‘चुकल्याचुकल्यासारखं वाटतं’. मोठा भाऊ नोकरीला गेला तेव्हा आई दोन महिने पाच ताटं घ्यायची, पाचवं उचलून परत फडताळात ठेवायची आणि म्हणायची, ‘मेलं चुकल्याचुकल्यासारखं होतंय’. काय चुकलं ते सांगता यायचं नाही. म्हणजे चुकणे हाच शब्द मराठीत बसलाही चालतो, गणितालाही चालतो आणि माणसालाही चालतो, फक्त माणसाला लावताना तो दोनदा म्हणावा लागतो. त्या पुण्याच्या मुलाच्या आईला हे सांगा. आई चुकली नाही, त्याला आईवाचून चुकल्याचुकल्यासारखं होतंय.

फळापुसणी
जुनीवही, अंगावर काटा आला. हे सांगतेच. पण मग गणिताचं काय करू? चुकणे तीनही ठिकाणी चालतं म्हणाल्यावर त्या परत ‘मिस्ड द सम’ म्हणणार.

नर्सबाई
ते असं सांगा. मिसमध्ये कायम काहीतरी हातून निसटलेलं असतं, हाती आलेलं चुकीचं नसतं. गणित सोडवलं आणि उत्तर वेगळं आलं तर ‘गॉट द सम राँग’. गणित सोडवायचंच राहिलं, पान पलटलंच नाही, तर मात्र ‘मिस्ड द सम’ बरोबर आहे. मीठ जास्त पडलं तर मिस नाही. रस्ता चुकले म्हणजे ‘लॉस्ट माय वे’. पण वळायचं होतं तिथं वळले नाही तर ‘मिस्ड द टर्न’.
दवाखान्यात आम्हाला ह्याचा फार उपयोग होतो. पाळी चुकली म्हणजे मिस्ड पिरियड, शब्दाला शब्द. पण गोळीच्या बाबतीत मी पेशंटला नेहमी विचारते, गोळी चुकली की चुकवली? चुकली म्हणजे विसरलात, ते मिस्ड. चुकवली म्हणजे मुद्दाम घेतली नाही, ते स्किप्ड. इंग्रजीत दोन शब्द लागतात, आपलं एका ‘व’वर भागतं. एक आजी म्हणाल्या, चुकली पण नाही आणि चुकवली पण नाही, संपली.

कट्टेकरी
वा नर्सबाई! आणि एक गंमत बघा, इंग्रजीत ‘मी’ बस मिस करतो. मराठीत बस स्वतःच चुकते, मी बिचारा स्टँडवर उभा. चूक कायम यष्टीची.
आणि पहिल्या बाईंचं ‘मिस्ड द सम’ तबल्यात अगदी बरोबर आहे. सम चुकली!

शुद्धमती
विनोद पुरे. ‘काळजाचा ठोका चुकला’ हे कुठून आलं सांगा. हे सरळ इंग्रजी ‘हार्ट मिस्ड अ बीट’चं भाषांतर आहे. आपल्याकडे काळजात धस्स व्हायचं, पोटात गोळा यायचा, पाचावर धारण बसायची. ठोके मोजायला डॉक्टर लागतो.

जुनीवही
असेल उसनं, पण ताल चुकतो, पाऊल चुकतं, सम चुकते, मग ठोका चुकला तर कुठं बिघडलं? उसनं घेतलेलं भांडं घरच्या मांडणीत बसलं की ते घरचंच.

शुद्धमती
ह्याच न्यायानं उद्या ‘मिस होणे’ही घरचंच म्हणाल.

जुनीवही
उद्या कशाला, आजच झालंय. ‘मिस कॉल दे’ ह्याला काय म्हणता? ज्यानं उचलायचा नाही असं आधीच ठरलंय तो कॉल मिस कसा? इंग्रजाला जमलं नाही ते आपण केलं, चुकलेली गोष्ट हातानं द्यायला लागलो.

खिळेवाला
माझं हार्डवेअरचं दुकान आहे. आमच्याकडे चुका, म्हणजे बारीक खिळे, किलोवर मिळतात. अर्धा इंच, पाऊण इंच, एक इंच. काळजाचा ठोका चुकतो, आम्ही चुका ठोकतो. चालू द्या.

व्युत्पत्तीवेडा
उशिरा आलो. हेमचंद्रानं 12व्या शतकात प्राकृताचं व्याकरण लिहिलं त्यात ‘भ्रंश’ म्हणजे घसरणे, ढळणे, ह्या धातूऐवजी प्राकृतात काय काय येतं त्याची ओळ आहे. त्यात फिट्ट, फुट्ट, चुक्क, भुल्ल असे शब्द एकापुढे एक येतात. बघा, फिटणे, फुटणे, चुकणे, भुलणे, चारही आपल्या तोंडात आजही आहेत. म्हणजे चुकणेचा मूळ गाभा ‘चूक करणे’ नाही, जागेवरून ढळणे आहे. आणि इंग्रजी ‘मिस’सुद्धा मिस्टेकमधल्या ‘मिस’चा सख्खा, आणि तो आपल्या ‘मिथ्या’चा लांबचा नातलग मानतात. शाळेतल्या मिसचा मात्र संबंध नाही, ती मिस्ट्रेसमधून आली.
आता खरा मुद्दा. ह्याच चुकणेचं हिंदीत बघा काय झालं. ‘कर चुकाना’ म्हणजे कर भरणे. मराठीत कर चुकवणे म्हणजे बुडवणे! आमच्या भागात एका कार्यालयाबाहेर कित्येक दिवस पाटी होती, ‘मालमत्ता कर वेळेवर चुकवा’.

कट्टेकरी
लोकांनी आज्ञा पाळली असेल इमानेइतबारे.

शुद्धमती
हेच, हेच मी म्हणते. पेपरात आता सर्रास ‘किंमत चुकवावी लागली’ छापतात. किंमत मोजावी लागते हो. हिंदीवरून ढापलेलं आहे.

राईनकाठी
पण मग ‘हिशेब चुकता करणे’? तो तर माझे आजोबा म्हणायचे आणि त्यांना हिंदी ओ का ठो येत नव्हतं. वाण्याची वही, महिन्याची एक तारीख, ‘चुकता’ असं लाल शाईत लिहून त्यावर आडवी रेघ. तिथं चुकता म्हणजे फेडलेलाच ना?

व्युत्पत्तीवेडा
तेच सांगतोय, फिट्ट आणि चुक्क एका ओळीत आहेत. कर्ज फिटतं, हिशेब चुकता होतो. डोक्यावरून ओझं ढळलं, मग ते देऊन ढळलं की पळून, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. मराठी पळाली, हिंदी देऊन मोकळी झाली, आणि ‘चुकता’ तेवढा दोघींत सामाईक राहिला.

शुद्धमती
ही तुमची खास व्युत्पत्ती दिसते. पुरावा?

व्युत्पत्तीवेडा
पुरावा वाण्याच्या वहीत.

ठेचाभाकर
त्या मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेच्या ‘मिसिंग लिंक’ले का म्हणाचं मग? खोपोली ते कुसगाव 13 किलोमीटर. पेपरवाले ‘मिसिंग लिंक’च लिहितात. हरवली का चुकली?

नर्सबाई
हरवलेली नाही, होतीच कुठे आधी. ‘न जोडलेला तुकडा’ म्हणा सरळ.

शुद्धमती
‘तुटका दुवा’.

कट्टेकरी
तुटायला आधी असावा लागतो. नर्सबाईंचं बरोबर आहे. आणि घाटात अडकलेला माणूस त्याला जे म्हणेल ते इथं लिहिता येणार नाही.

फळापुसणी
मंडळी गुरुवार उद्यावर आला. फळ्याचे तीन भाग करतेय, शिवाय नर्सबाईंचं निसटण्याचं सूत्र. पण एक वाक्य राहिलंच, ‘वी मिस्ड ईच अदर’. स्टँडवर दोघांची चुकामूक झाली तरी हेच, आणि लांब राहून एकमेकांची आठवण आली तरी हेच. दोन्हीतलं कुठलं ते कसं ओळखायचं सांगू?

जुनीवही
अहाहा, चुकामूक! किती दिवसांनी वाचला हा शब्द. जत्रेत आमची आणि आत्याची चुकामूक झाली होती, आम्ही पाळण्यापाशी आणि ती मारुतीच्या देवळापाशी, तीन तास. भेटल्यावर आधी दोन धपाटे दिले आणि मग पदरानं डोळे पुसले. म्हणजे तिच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकदमच झाले.

खिळेवाला
चुकणे, चुका, चुकता सगळं झालं, आंबट चुका राहिला की. त्याचा ह्याच्याशी संबंध आहे का?

व्युत्पत्तीवेडा
नाही. तो संस्कृत ‘चुक्र’मधून, म्हणजे आंबट. चुकण्याशी काही नातं नाही.

ठेचाभाकर
चुक्याच्या भाजीत दाणे घालता का हरभऱ्याची डाळ?

नर्सबाई
दोन्ही. आणि वरून लसणाची फोडणी.

कट्टेकरी
मीठ किती ते त्या ‘मिस्ड द सॉल्ट’वाल्या बाईंना विचारू नका म्हणजे झालं.