बाबांचा गाल सुजलाय, सकाळपर्यंत थांबावं का?

धागाकर्ती:
बाबांची खालची उजवी दाढ चार दिवस ठणकत होती. काल दुपारी ठणका एकदम थांबला. आम्हाला हायसं वाटलं. आज संध्याकाळपासून मात्र गाल सुजलाय. दुखत फारसं नाही, म्हणून ते म्हणतात, "सकाळी बघू." नेहमीचा दवाखाना बंद झालाय. काय करू?

प्रतिसाद १:
ठणका थांबला म्हणजे दाढ बरी झाली असं नाही गं. आतली नस मेली की दुखणं थांबतं आणि मग मुळाशी पू साठायला लागतो. माझ्या आईच्या वेळी आम्ही असेच दोन दिवस गाफील राहिलो होतो, ते अजून टोचतं. गाल गरम पिशवीने शेकू नका. दुखऱ्या जागी ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवतात काही जण, तेही नको. हिरडी भाजते.

प्रतिसाद २ (मी दंतवैद्य आहे):
ताई, दुखणं किती आहे ते बाजूला ठेवा. सूज कुठे सरकतेय ते बघा. खालच्या मागच्या दाढांची मुळं खोलवर असतात. तिथला पू जिभेखाली आणि गळ्याकडे उतरू शकतो आणि श्वासाची वाट दाबू शकतो. म्हणून आत्ता एवढं तपासा: ताप आहे का? तोंडात तीन बोटं उभी जातात का? गिळताना त्रास होतोय का, आवाज जड झालाय का, जिभेखाली किंवा हनुवटीखाली कडक लागतंय का? यातल्या एकाचंही उत्तर चुकीचं आलं तर दातांचा दवाखाना उघडायची वाट बघू नका, मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा. लाळ गिळता येत नसेल किंवा श्वास लागत असेल तर थेट रुग्णवाहिका बोलवा. वरच्या दाताची सूज डोळ्याकडे चढली तरी एवढीच घाई करायची.

धागाकर्ती:
अंग तापलंय. तोंडात जेमतेम एक बोट जातंय! घरात अँटिबायोटिकच्या चार गोळ्या उरल्यात, त्या देऊन निघू का?

प्रतिसाद २:
गोळ्या राहू द्या, निघा. पू साठला असेल तर नुसत्या गोळीने भागत नाही, त्याला वाट करून द्यावी लागते. खायला काही देऊ नका, भूल द्यावी लागू शकते. आडवं न झोपवता बसवून न्या. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर पोचल्या पोचल्या सांगा.

प्रतिसाद ३:
ताई, काळजी घ्या. डॉक्टर, एक विचारू? भाच्याचा पुढचा दात खेळताना मुळासकट निखळला. आम्ही तो कागदात गुंडाळून नेला, पण नंतर टिकला नाही. चुकलं कुठे?

प्रतिसाद २:
कागदात तो सुकला. मुळावरच्या नाजूक पेशी तासभर कोरड्या राहिल्या तर जवळपास मरतातच. पक्का दात निखळला तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका. माती लागली असेल तर थंड दुधात हलकेच विसळा, घासायचा मुळीच नाही. जमलं तर तिथल्या तिथे खाचेत परत बसवा, स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगा आणि दवाखाना गाठा. बसवायची भीती वाटत असेल तर दुधात बुडवून आणा. साधं पाणी नको, त्यात पेशी फुगून फुटतात. पहिल्या 15 मिनिटांत बसवला तर आशा सगळ्यात जास्त. दुधाचा दात मात्र परत बसवू नका, खालच्या पक्क्या दाताला इजा होते. आणि पडल्यावर मूल बेशुद्ध झालं असेल किंवा उलट्या होत असतील तर आधी डोकं तपासून घ्या, दात नंतर.

प्रतिसाद १:
दातावर बसवलेली टोपी (कॅप) निघाली तर तीही रात्रीच धावायची गोष्ट आहे का?

प्रतिसाद २:
नाही. जपून ठेवा, एक-दोन दिवसांत या. घरातल्या गोंदाने चिकटवू नका.

धागाकर्ती:
बाबांना रात्रीच दाखल करून घेतलं. हनुवटीखाली चीर देऊन पू काढला, सलाइनमधून औषध चालू आहे. दाढही काढली. तिथल्या डॉक्टरांनी दारातच विचारलं, तोंडात किती बोटं जातात. उत्तर माझ्याकडे तयार होतं. आत्ता ते झोपलेत, श्वास शांत आहे.