शब्दचर्चा : बेचक्यातला फुगवटा आणि 'फ्लो डायव्हर्टर'

प्रश्न

रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकाचं मराठी करतेय. विषय मेंदूतल्या धमनीचा अन्युरिझम, म्हणजे भिंतीला आलेला आणि अजून न फुटलेला फुगवटा, तोही धमनीला दोन फांद्या फुटतात नेमक्या त्या जागी आलेला. उपाय म्हणून फ्लो डायव्हर्टर जातीचा स्टेंट, म्हणजे धमनीत आतून बसवायची जाळीची नळी. अन्युरिझमला 'धमनीविस्फार', जुन्या लिखाणात 'रोहिणीविस्फार'. त्या दुफाट्याला, म्हणजे बायफर्केशनला, 'द्विभाजन'. फ्लो डायव्हर्टरला मी तूर्त 'प्रवाहवळवक' लिहिलंय, पण वाचताना दातांत खडा आल्यासारखं होतं. पत्रक वाचणारा माणूस आधीच धास्तावलेला असणार, हे धरून सुचवा.

प्रतिसाद

'विस्फार' अर्थाने बरोबरच आहे, मूळ ग्रीक शब्दही रुंदावण्याचाच. पण आज विस्फारतात ते फक्त डोळे, आणि धास्तावलेला माणूस 'विस्फार' वाचून 'स्फोट' ऐकणार. फुगवटा अजून फुटलेला नाही, हेच तर त्याला सांगायचंय! तेव्हा सरळ 'फुगवटा' लिहा. बोलताना डॉक्टर 'फुगा' म्हणतात, पण नळीच्या टोकाला फुगवायचा बलून तोही फुगाच. रोग आणि हत्यार एकाच नावाचे नकोत.

'रोहिणी' नक्षत्रासाठी ठेवू. 'नस'ही नको, त्यात मज्जातंतूही येतो आणि शीरही.

प्रतिसाद

'द्विभाजन' वाचून शाळेतला अमीबा आठवतो. आपल्याकडे 'बेचकं' असताना तिकडे कशाला जायचं? एका खोडातून दोन फांद्या निघतात ती जागा म्हणजे बेचकं. 'फाटा'ही चालला असता, पण फाटा म्हणजे फुटण्याची जागाही आणि फुटलेली वाटही. इथे ते दोन वेगळे ठेवावे लागतील. जागा ती बेचकं, वाहिनी ती फांदी.

शिवाय कारणही त्याच शब्दात दिसतं. रक्ताची धार सरळ येऊन बेचक्याच्या टोकावर आदळते, तिथल्या भिंतीवर सतत ताण येतो, म्हणून मेंदूतले बरेच फुगवटे बेचक्यात किंवा फांदीच्या मुळाशीच धरतात.

प्रतिसाद

मी अँजिओग्राफीच्या खोलीत काम करतो, म्हणून 'वळवक'बद्दल बोलतो. अडचण शब्दात कमी, कामात जास्त आहे.

साधा स्टेंट आधार देतो. फुगवट्यात भरलेल्या कॉइल (बारीक तारेची वेटोळी) धमनीत घसरू नयेत म्हणून तो आडवा उभा असतो. फ्लो डायव्हर्टरची वीण फार दाट. पाइपलाइन नावाच्या उपकरणात 48 बारीक तारा, कोबाल्ट-क्रोमियम आणि प्लॅटिनम-टंगस्टनच्या. भिंतीचा साधारण 30 ते 35 टक्के भाग धातूने झाकला जातो. अमेरिकेत 2011 मध्ये त्याला मंजुरी मिळाली ती अंतर्गत कॅरोटिड या मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीवरच्या, रुंद तोंडाच्या मोठ्या फुगवट्यांसाठी, म्हणजे धमनीच्या कुशीला आलेल्या. तिथे 'वळवणं' अगदी चपखल आहे. फुगवट्यात शिरून घुसळणारं रक्त जाळीमुळे धमनीतूनच पुढे निघून जातं, आत उरलेलं मंदावतं, गोठतं, आणि काही महिन्यांत जाळीवर धमनीचं नवं अस्तर चढतं.

बेचक्यात हे गणित फिरतं. जाळी मूळ धमनीतून एका फांदीत जाते, दुसऱ्या फांदीचं तोंड जाळीमागे राहतं. आम्ही याला 'ब्रँच जेल झाली' म्हणतो. आता त्या फांदीला लागणारं रक्त जाळीच्या भोकांतूनच जायला हवं, आणि शेजारच्याच फुगवट्यात मात्र जायला नको. जाळीला यातलं काही कळत नाही. फरक पडतो तो पुढच्या ओढीमुळे. फांदीच्या टोकाला दाब कमी, म्हणून रक्त खेचलं जातं. फुगवटा बंद टोकाचा, त्याला ओढ नाही.

पण फांदी फुगवट्यातूनच निघालेली असेल, तर तीच ओढ फुगवटा जिवंत ठेवते. उलट फांदीच्या हद्दीला दुसरीकडून रक्त मिळत असेल, तर जाळीतून येणारा प्रवाह कमी होत जातो, फांदी बारीक होते, कधी बंदही पडते. पर्यायी पुरवठा चांगला असेल तर रुग्णाला कळतही नाही. मध्य मेंदू धमनीच्या (मिडल सेरेब्रल आर्टरी) बेचक्यात हा पुरवठा बहुधा तोकडा, तिथे हेच पक्षाघातावर जाऊ शकतं. म्हणून अशा जागी आधी क्लिप (फुगवट्याच्या तोंडावर बाहेरून लावायचा चिमटा), कॉइल किंवा खास बेचक्यासाठी केलेली, फुगवट्याच्या आतच बसवायची 'वेब' नावाची विणलेली पोटली यांचा विचार होतो. फ्लो डायव्हर्टर निवडक रुग्णांतच.

प्रश्नकर्ती

मग 'प्रवाहवळवक' वाचून रुग्णाला वाटेल की रक्त दुसरीकडेच वळवलं!

प्रतिसाद

वाटेलच. 'प्रवाहरोधक' तर आणखी वाईट, त्यात धमनीच बंद झाल्याचा भास. मी 'दाट विणीचा स्टेंट (फ्लो डायव्हर्टर)' असं लिहीन. रूप सांगायचं, काम पुढच्या वाक्यात. आणि इंग्रजी नाव देवनागरीत ठेवाच, रिपोर्टवर तेच असणार.

प्रतिसाद

'स्टेंट'ला प्रतिशब्द शोधू नका. ते मुळात आडनाव आहे. चार्ल्स स्टेंट हे एकोणिसाव्या शतकातले इंग्रज दंतवैद्य, दातांचे साचे घेण्याचं मिश्रण त्यांनी सुधारलं. पहिल्या महायुद्धाच्या काळात डच शल्यविशारद यान एसर यांनी ते कातडीचं कलम जागेवर धरायला वापरलं. आधार देणाऱ्या वस्तूला ते नाव पुढे चिकटलं.

प्रश्नकर्ती

'जेल झालेल्या' फांदीचं काय करू? कैद, बंदिस्त काहीही लिहिलं तरी भीतीच.

प्रतिसाद

'जाळीआड गेलेली फांदी'. गजाआडवर बेतलेला आहे, पण जाळीतून ये-जा चालू असते हे त्यात राहतं. तसंच 'नेक'ला 'मान' लिहू नका, वाचणारा स्वतःची मान चाचपेल. 'फुगवट्याचं तोंड' म्हणा.

प्रश्नकर्ती

मसुदा असा झालाय : "धमनीच्या बेचक्यातल्या फुगवट्याच्या तोंडावरून दाट विणीचा स्टेंट (फ्लो डायव्हर्टर) बसवतात. त्यामुळे फुगवट्यात शिरणारं रक्त कमी होऊन तो बंद होतो. जाळीआड गेलेल्या फांदीकडे तपासणीत लक्ष ठेवतात. रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या घ्याव्या लागतात."

प्रतिसाद

'बंद होतो' नव्हे, 'हळूहळू बंद होण्याची अपेक्षा असते'. पाइपलाइनच्या मूळ चाचणीत कॅरोटिडवरचे सुमारे तीन चतुर्थांश फुगवटे सहा महिन्यांनी बंद झालेले होते, उरलेल्यांतले बरेच नंतर झाले. तो आकडा बेचक्याच्या पत्रकात घालू नका, जागा वेगळी आहे. त्या दोन गोळ्या, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, रक्त पातळ करत नाहीत, बिंबिका (रक्तातल्या प्लेटलेट) एकमेकींना चिकटू देत नाहीत. तरी 'रक्त पातळ करणाऱ्या' राहू द्या, दवाखान्यात रुग्णाच्या कानावर तेच पडणार आहे. मात्र त्याच ओळीत ठळक अक्षरांत लिहा : दात काढायचा असला तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या गोळ्या थांबवू नयेत, नाहीतर जाळीवर गुठळी धरू शकते.