राष्ट्रवाद ख्रिस्ताचे नाव घेतो, तेव्हा मंडळीचे उत्तर काय असावे?

प्रश्न

युरोप व अमेरिकेतील अनेक अतिउजव्या चळवळी ‘ख्रिस्ती संस्कृतीचे रक्षण’ हे आपले ध्येय असल्याचे सांगतात आणि स्थलांतरितांना दारे बंद करणे हे जणू श्रद्धेचेच कर्तव्य आहे, असे मांडतात. यावर राजकीय उत्तरे पुष्कळ दिली जातात. मला विचारायचे आहे ते असे, की पवित्र शास्त्र आणि मंडळीचा, म्हणजे चर्चचा, विश्वास यांच्या आधारे हा दावा खोडता येतो का, की हा केवळ दोन राजकीय मतांमधला वाद आहे?

पहिले उत्तर

खोडता येतो, आणि तो एकदा फार मोठी किंमत मोजून खोडला गेला आहे. हिटलर सत्तेवर आल्यावर ‘जर्मन ख्रिस्ती’ म्हणवणाऱ्या गटाने प्रोटेस्टंट मंडळ्यांचा ताबा घेण्यास सुरुवात केली, आणि १३ नोव्हेंबर १९३३ रोजी बर्लिनमधील त्यांच्या सभेत जुना करार, म्हणजे बायबलमधील यहुदी शास्त्रे, टाकून देण्याची मागणी जाहीरपणे झाली. वंश आणि राष्ट्र ही देवाने निर्मितीतच घालून दिलेली व्यवस्था असल्यामुळे राष्ट्राच्या उत्थानातूनही देव बोलतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांना विरोध करणाऱ्या प्रोटेस्टंट मंडळ्यांनी मे १९३४ मध्ये जर्मनीतील बार्मेन येथे काढलेल्या घोषणेने, जिचा मसुदा मुख्यत्वे स्विस ईश्वरविद्यातज्ज्ञ कार्ल बार्थ यांचा होता, नेमका हाच सांधा तोडला: शास्त्रात ज्याची साक्ष आहे तो येशू ख्रिस्त हाच देवाचा एकमेव शब्द आहे, आणि त्याच्या जोडीला दुसरी कोणतीही घटना, सत्ता वा व्यक्ती देवाचे प्रकटीकरण म्हणून मंडळी मानू शकत नाही. म्हणजे वाद धोरणाचा नव्हता, ‘माझ्याखेरीज दुसरे देव नसावेत’ या पहिल्या आज्ञेचा होता.

दुसरे उत्तर

बार्मेनचे मोल मान्य करूनही तिच्यातील मौन मला सोसवत नाही. तिच्या सहा कलमांत यहुद्यांचा उल्लेख एकदाही नाही. मंडळीने आपले स्वातंत्र्य राखले, पण शेजाऱ्यासाठी तोंड उघडले नाही. बार्थ यांनी स्वतः १९६७ मध्ये एका पत्रात ही आपली चूक असल्याचे कबूल केले. जर्मन पाळक व ईश्वरविद्यातज्ज्ञ डीट्रिख बोनहोफर यांनी मात्र १९३३ मध्येच लिहिले होते की, मंडळीने राज्याला त्याच्या कृत्यांचा जाब विचारावा, बळी पडलेल्यांना, ते ख्रिस्ती नसले तरी, साहाय्य करावे, आणि वेळ आलीच तर चाकाखाली चिरडलेल्यांची मलमपट्टी करून न थांबता चाकच अडवावे. जी ईश्वरविद्या फक्त मंडळीची शुद्धता जपते, ती माझ्या मते अर्धीच आहे.

प्रश्नकर्ता

पण नव्या करारातील रोमकरांस पत्राचा १३ वा अध्याय वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन राहण्यास सांगतो. त्याचे काय?

तिसरे उत्तर

तोच अध्याय दहाव्या वचनात म्हणतो की प्रीती शेजाऱ्याचे वाईट करत नाही. पहिली सात वचने त्यापासून तोडून वाचणे हा प्रामाणिक अर्थ नव्हे. बार्मेनच्या पाचव्या कलमाने पेत्राच्या पहिल्या पत्रातील वचन घेतले: ‘देवाचे भय धरा, राजाचा मान राखा.’ भय देवाचे, राजाला मान. हा भेद पुसला की राज्य मानवी जीवनाची एकमेव व्यवस्था होऊन बसते.

‘आधी आपली माणसे, मग इतर’ या आजच्या मांडणीलाही उत्तर मिळाले आहे. १० फेब्रुवारी २०२५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकेतील बिशपांना लिहिलेल्या पत्रात प्रीतीचा खरा क्रम येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या (गुड समॅरिटन) दाखल्यावर मनन करून समजून घ्यावा, असे म्हटले. त्या दाखल्यात जखमी माणसाला उचलणारा परकाच होता. त्याआधी फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या कॅथलिक बिशपांनी वांशिक राष्ट्रवाद आणि ख्रिस्ती विश्वास यांचा मेळ बसू शकत नाही, असे एकमताने जाहीर केले, आणि तसे करताना ‘आल्टरनाटिव्ह फ्युअर डॉइचलांड’ (एएफडी) या जर्मनीतील अतिउजव्या पक्षाचे नाव घेतले. मंडळीने पक्षाचे नाव घ्यावे का, याबद्दल अनेकांना संकोच वाटतो. मला ते योग्य वाटते, कारण १९३४ मध्ये कोणाचे नाव घ्यायचे राहून गेले, हे वरच्या उत्तरात आलेच आहे.