एडीएचडी आहेच, पण वाचताना अडखळणं हे वेगळं काही आहे का?

अशोकचौक_आई
मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत, मराठी माध्यम. मागच्या वर्षी डॉक्टरांनी एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं, एका जागी न बसवणं, सांगितलं. गोळी सुरू झाल्यापासून वर्गात बसतो, दर पाच मिनिटांनी खिडकीशी जाणं थांबलं. मला वाटलं, आता वाचनही सुधारेल. नाही सुधारलं.

गड्डा, म्हणजे आमची सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा, झाल्यावर बाईंनी ‘आमची यात्रा’ निबंध घरून लिहून आणायला सांगितला. तोंडी विचारा, सातही नंदीध्वज, सम्मती कट्ट्यावरच्या अक्षता, पाळण्यात चुलतभावाला कशी उलटी झाली, अर्धा तास सांगेल. वहीत साडेतीन ओळी. ‘नंदीध्वज’ तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा वेगळं: नदिधज, नंदीवज, नदीध्ज. बाईंनी खाली लाल शाईत लिहिलं, ‘लक्ष देत नाही’. अहो, मी शेजारी बसले होते. जीभ बाहेर काढून, घाम येईपर्यंत लक्ष देत होता पोरगा.

घरी आम्ही तेलुगू बोलतो. सासूबाई म्हणतात मराठी शाळेत घातलं म्हणून गोंधळ. शाळा म्हणते सगळं एडीएचडीमुळेच. मी गणवेश शिवते. कुठं उसवलंय ते न बघता नुसतं मशीन चालवून भागत नाही, एवढं मला कळतं. पण हे बघायचं कसं?

फळा_खडू
ताई, मी विशेष शिक्षिका आहे. दोन्ही एकत्र असणं नवं नाही. एडीएचडीच्या साधारण तीनातल्या एका मुलाला वाचन, लेखन किंवा गणितातली अध्ययन अक्षमताही असते. गोळीनं लक्ष टिकतं, अक्षरं येत नाहीत, ती वेगळी शिकवावी लागतात.

रविवारी सकाळी, पोरगं ताजं असताना, सहा ओळींचा उतारा द्या. नुसतं लक्ष उडणारं मूल पहिल्या ओळी बऱ्या वाचतं, मग शब्द गाळतं, ओळ सोडतं. ‘परत वाच’ म्हटलं की बहुतेक वेळा सुधारतं. तुमचा पहिल्याच ओळीत अडकतोय का? परत वाचलं तरी तिथंच? भ-म, घ-ध यांची अदलाबदल, काना-मात्रा गायब, रफार दिसतच नाही, जोडाक्षर आलं की पहिलं अक्षर बघून अंदाजानं ठोकून देणं, हे सगळं लिहून ठेवा. मग तसाच दुसरा उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि प्रश्न विचारा. ऐकून सगळं कळतं, वाचून कळत नाही, तर तपासणी लांबवू नका.

आकडेही बघा. पंचवीस ऐकून 52 लिहितो का? मराठीत एकक आधी बोलतो, त्यामुळे दुसरीत पुष्कळ पोरं चुकतात. (2019 मध्ये बालभारतीनं ‘वीस पाच’ आणलं तेव्हा केवढा दंगा झाला होता!) चौथीतही रोज होत असेल तर मात्र सांगा.

तेलुगूमुळे ‘तो दार’ होईल, शब्द कमी पडतील. चार वर्षं शिकूनही अक्षर आणि आवाज जुळत नसेल तर तो दोष घरच्या भाषेवर घालू नका. तपासणाऱ्याला मात्र घरची भाषा आधीच सांगा.

होटगीरोडवाला
काय सांगू वो ताई, पाढ्यांवरून मी पोराला पट्टीनं मारलंय. लपवत नाही. आमचं पाचवीत कळलं.

आधी डोळे आणि कान तपासून घ्या, तिथंच काही निघालं तर बाकीची धावपळ वाचते. मग बुद्ध्यांक चाचणी आणि निम्हान्सची (बंगळूरची मानसिक आरोग्याची संस्था) अध्ययन अक्षमतेची चाचणी. एका बैठकीत होत नाही, आमचं पोरगं दुसऱ्या दिवशी टेबलाखाली जाऊन बसलं. सिव्हिलच्या मानसोपचार विभागात आधी विचारा. 2016 च्या दिव्यांग कायद्यात अध्ययन अक्षमता आहे, प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेला तासाला 20 मिनिटं जादा मिळतात. आमच्या घरी ‘दिव्यांग’ शब्दावरून आठवडाभर कुणी कुणाशी बोललं नाही, ते पण सांगून ठेवतो.

चौथी_ब
मी शिक्षक. ‘लक्ष देत नाही’ मीही लिहितो, 40 वह्या असतात. तुम्ही बाईंना चूक दाखवायला जाऊ नका, तीन ‘नंदीध्वज’ दाखवायला जा. एकच शब्द तीन तऱ्हेनं, हे त्यांनाही कळेल.

अशोकचौक_आई
केलं. माकड-मगरीची गोष्ट मी वाचली, सगळी उत्तरं बरोबर, वर मगरीच्या बायकोवर स्वतःचं मतही दिलं. तेवढाच दुसरा उतारा त्याला दिला. दुसऱ्या शब्दाला थांबला आणि म्हणाला, “अम्मा, तूच वाच ना.” भ-म तीनदा बदलले. पंचवीसचं 52 झालं, छत्तीस मात्र बरोबर.

सासूबाई ऐकत होत्या. काही बोलल्या नाहीत, वही घेऊन खिडकीत उजेडाला बघत बसल्या.

सोमवारी सिव्हिलला जातेय. तिसरीच्या आणि चौथीच्या वह्या पिशवीत भरल्यात, दुसरीच्या रद्दीत गेल्या. डोळ्यांचं शनिवारीच उरकते.